जुनी सुतारकामाची यंत्रं : वाचक विचारतात

प्रश्न : आमच्या वखारीत बिडाची जुनी ब्रिटिश रंधा मशीन आहे. शाफ्टला बॉल बेअरिंग नाही, व्हाइट मेटल (बेअरिंगसाठीचा मऊ मिश्रधातू) ओतलेलं आहे. चालू केली की खडखडते. लेथवाले म्हणतात, बेअरिंगचं घर बोअर करून (आतलं भोक कापून मोठं करून) बॉल बेअरिंग बसवून टाकू. बसवावं का? (कुडाळ)

उत्तर : आधी शिम बघा, लेथवाल्यांचं नंतर. ही खडखड बहुतेक वेळा झिजेची असते आणि झीज भरून काढायची सोय त्या रचनेतच आहे. बेअरिंगचं टोपण आणि खालचं अर्धं यांच्यामध्ये पितळी पत्र्याच्या पातळ शिम असतात. दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीची एकेक शिम काढा, टोपण आवळा आणि पट्टा उतरवून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. ४० मिमीच्या शाफ्टला ०.०४ ते ०.०६ मिमी सैलपणा हवा. शाफ्टवर डायल गेज टेकवून लाकडी दांडक्याने शाफ्ट उचलला की आकडा कळतो. एवढ्यावरच अनेक मशीन गप्प होतात.

शिम संपल्या असतील किंवा धातूचे खवले निघत असतील, तरच नव्याने ओता. बोअर करण्याला आमचा विरोध आहे. घराची भिंत पातळ असते आणि दोन्ही घरं एकाच सेटिंगमध्ये बोअर झाली नाहीत तर शाफ्ट ताणात बसतो, नवी बेअरिंगं लवकर जातात. शिवाय कापलेलं बीड परत येत नाही.

ओतायला कथिलाचं व्हाइट मेटल घ्या : साधारण ८९ टक्के कथील, बाकी अँटिमनी आणि तांबं. जुना धातू पूर्ण वितळवून काढा, पण नव्यात मिसळू नका. त्यात शिसं किती आहे ते कोणालाच माहीत नसतं. ४० मिमी शाफ्ट, १०० मिमी लांबी आणि ६ मिमी जाडी धरली, तर एका बेअरिंगला सुमारे ६४० ग्रॅम धातू लागतो. वितळवा मात्र किलोभर. मध्येच पळी रिकामी झाली की सांधा राहतो आणि पुढे तिथूनच तडा जातो.

मूळ शाफ्टवर ओतू नका, तो तापून वाकू शकतो. लेथवर त्याच मापाचा डमी शाफ्ट करून घ्या आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर त्याला काजळी धरा, म्हणजे धातू चिकटणार नाही. घर आणि डमी १२० ते १५० अंशांपर्यंत तापवा. टोकं अग्निमातीने बुजवून ती माती पूर्ण वाळू द्या. ओलावा हाच खरा धोका आहे : पाण्याचा एक थेंब क्षणात वाफ होतो आणि वितळलेला धातू तोंडावर उडतो. कोकणात पावसाळ्यात हे काम काढूच नका. फेसशील्ड, चामड्याचे हातमोजे आणि उघडी जागा, यात तडजोड नाही.

धातू ४५० अंशांच्या आसपास हवा. पायरोमीटर (तापमान मोजायचं यंत्र) नसेल तर देवदाराची कोरडी काडी बुडवा. ती लगेच तपकिरी-काळी पडली पाहिजे, पेटता कामा नये. पेटली तर धातू जास्त तापला. नुसती पिवळसर झाली तर ओतताना तो कडेलाच गोठेल. खालचं अर्धं आधी, मग शिम ठेवून वरचं, प्रत्येक एका धारेत.

थंड झाल्यावर खऱ्या शाफ्टला निळा रंग लावून फिरवा आणि जिथे डाग उमटेल तिथे स्क्रेपरने खरडा. खालच्या अर्ध्यात तीन चतुर्थांश भागावर डाग दिसेपर्यंत हे चालू ठेवायचं. कंटाळवाणं आहे, पण सगळी गंमत इथेच आहे. तेलाची खाच टोकाच्या १० मिमी अलीकडे थांबवा, नाहीतर तेल गळून जाईल. ग्रीस नको, ३२ किंवा ४६ नंबरचं पातळ खनिज तेल घाला. पहिला अर्धा तास मशीन रिकामी चालवा. बेअरिंगवर हात ठेवता आला पाहिजे. चटका बसला तर बंद करून डाग पुन्हा तपासा.

प्रश्न : आमच्या रंधा मशीनचा ब्लॉक (पाती धरणारा फिरता भाग) चौकोनी आहे, पाती बोल्टने बसतात. धार उत्तम लागते. तसाच ठेवला तर चालेल? (नाशिक)

उत्तर : नाही. मूळ भाग जपण्याचा आमचा कितीही आग्रह असला तरी हा भाग काढाच. चौकोनी ब्लॉकच्या सपाट बाजू आणि टेबलाची कड यांच्यात मोठी फट राहते; घसरलेला हात त्यात खोल ओढला जातो. गोल ब्लॉकलाही जखम होते, पण वरवरची. हाताने लाकूड सरकवायच्या मशीनवर ब्रिटनने गोल ब्लॉक १९२२च्या नियमांनीच सक्तीचा केला.

नवा ब्लॉक पोलादाचाच, ब्लॉक बनवणाऱ्या कारखान्यातून करून घ्या आणि डायनॅमिक बॅलन्सिंगशिवाय (फिरवून तोल साधल्याशिवाय) ताब्यात घेऊ नका. समोरासमोरची पाती वजनाने सारखी हवीत. सोनाराच्या काट्यावर बघा. पातं ब्लॉकच्या बाहेर साधारण १ मिमी. नव्या ब्लॉकवरही झाकण हवंच.

प्रश्न : जुन्या मशीनमध्ये १२ मिमीचा बोल्ट दोन आटे जातो आणि अडकतो. टॅप मारून (नवे आटे पाडून) घेऊ का? (सातारा)

उत्तर : थांबा, तिथे अर्धा इंची व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचे) आटे असावेत : इंचात १२, कोन ५५ अंश. अमेरिकन अर्ध्या इंचीत १३ आटे आणि ६० अंश असतात, तेही बसणार नाहीत. पिच गेजने (आटे मोजायच्या पट्टीने) खात्री करा आणि बीएसडब्ल्यू, म्हणजे व्हिटवर्थ, बोल्ट मागा, इंची माल ठेवणाऱ्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो.

प्रश्न : ६०० मिमी चाकांचा, पट्ट्यावर चालणारा बँडसॉ घेतला आहे. दोन एचपीची जुनी थ्री फेज मोटर आहे, घरी सिंगल फेज. जमेल का? (पुणे)

उत्तर : जमेल, व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज देणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) लावून. २३० व्होल्ट सिंगल फेज आत, २३० व्होल्ट थ्री फेज बाहेर, असा घ्या. मात्र तुमची मोटर ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र) असेल. २३० वर ती डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) जोडावी लागते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून काम होतं. तीनच असतील तर स्टारचा सांधा आत पुरलेला आहे, तो वाइंडिंगवाल्याकडून बाहेर काढून घ्या. डेल्टात प्रवाह प्लेटवरच्या स्टारच्या आकड्याच्या १.७३ पट होतो, व्हीएफडी त्या हिशोबाने निवडा. जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन तपासा. एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर मोटर आधी वाळवायला द्या.

पुलीचा हिशोब : मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिच्यावर १२५ मिमी पुली, मशीनवर २६०. चाक सुमारे ६९० फेरे फिरेल आणि पात्याचा वेग मिनिटाला १३०० मीटर येईल, लाकडाला योग्य. पातं लावण्याआधी चाकांवरचं रबर नखाने दाबून बघा. नख रुतत नसेल, भेगा असतील, तर ते बदला. कडक रबरावर पातं मधोमध टिकत नाही.