पीएफसेन्सवर (फायरवॉल-राउटर सॉफ्टवेअर) पाच पब्लिक आयपी (इंटरनेटवरून दिसणारे पत्ते) आहेत, पण पहिलाच चालतो. बाकीचे कसे वापरायचे?

पाच आयपी म्हणजे /२९ ब्लॉक (सलग पत्त्यांचा संच) दिसतोय. त्यात एकूण ८ पत्ते. नेटवर्क, ब्रॉडकास्ट आणि प्रोव्हायडरचा गेटवे वजा जाता तुमच्या हाती ५. वॅन इंटरफेसवर (इंटरनेटकडच्या जोडणीवर) एकच टाकला असेल तर उरलेल्या चौघांसाठी एआरपीला ('हा पत्ता कुणाकडे आहे?' या नेटवर्कवरच्या चौकशीला) उत्तर द्यायला कुणीच नाही, म्हणून पॅकेट तुमच्यापर्यंत येतच नाही. फायरवॉल मेनूमध्ये व्हर्च्युअल आयपी उघडा आणि चारही पत्ते 'आयपी एलियस' (जादा पत्ता) म्हणून वॅनवर जोडा.

पुढे, मेल सर्व्हरला स्वतंत्र पत्ता द्यायचाय तर वन-टू-वन नॅट करा, म्हणजे एक पब्लिक पत्ता आतल्या एकाच सर्व्हरशी दोन्ही दिशांनी जोडा. नुसतं पोर्ट फॉरवर्ड (ठराविक पोर्टवर येणारी वाहतूक आत पाठवणं) केलंत तर येणारी मेल नीट येईल, पण जाणारी वॅनच्या मूळ पत्त्यावरूनच जाईल. मग एसपीएफ (डोमेनची मेल कोणत्या पत्त्यांवरून जाऊ शकते याची नोंद) आणि रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) जुळत नाहीत आणि मेल स्पॅममध्ये. (यात माझा अख्खा शनिवार गेलाय.) पोर्ट फॉरवर्डच ठेवायचं असेल तर आउटबाउंड नॅट (बाहेर जाताना कोणता पत्ता वापरायचा ते ठरवणारी सेटिंग) हायब्रिड मोडवर (आपोआप बनणाऱ्या नियमांसोबत स्वतःचे नियम) नेऊन त्या सर्व्हरसाठी वेगळा नियम लिहा.

वन-टू-वन नॅट म्हणजे दार आपोआप उघडलं असं नाही, वॅनवर पास नियम (वाहतूक आत येऊ देणारा) लागतोच. आणि त्यात डेस्टिनेशन म्हणून सर्व्हरचा आतला आयपी द्या, पब्लिक नव्हे. नॅट (पत्त्याचा बदल) आधी होतं, नियम नंतर तपासले जातात. बहुतेक जण इथेच अडकतात.

सगळं बरोबर असूनही एखादा पत्ता मुका राहिला, तर प्रोव्हायडरच्या राउटरमध्ये जुन्या डिव्हाइसची एआरपी नोंद अडकलेली असू शकते. फोन करून ती साफ करायला सांगा.