अमेरिकेतल्या कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या ऑफर लेटरमध्ये ‘पॅरेंट प्लस’ धरून ‘भरायची रक्कम शून्य’ लिहिलंय, म्हणजे शिक्षण फुकट का?

नाही, पॅरेंट प्लस हे तुमच्या, म्हणजे पालकांच्या नावावरचं सरकारी कर्ज आहे, मदत नव्हे. ती ओळ खोडून मगच हिशोब करा. समजा वर्षाचा खर्च 60,000 डॉलर, ग्रँट (परत न करायची मदत) आणि स्कॉलरशिप 34,500, मुलीच्या नावावरचं कर्ज 5,500 आणि पॅरेंट प्लस 20,000. बेरीज जुळते म्हणून खाली शून्य दिसतं, पण खरी मदत 34,500चीच. उरलेले 25,500 घरातूनच जाणार, आज किंवा व्याजासकट पुढे.

फेडरल स्टुडंट एड या अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-मदत विभागाच्या नियमांप्रमाणे फेडायची जबाबदारी पूर्णपणे आई किंवा वडिलांची. सरकारी योजनेत हे कर्ज नंतर मुलांच्या नावावर करता येत नाही. 2025-26 साठी व्याजदर 8.94 टक्के, शिवाय 4.228 टक्के फी आधीच कापतात. व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. ऑफरमध्ये आहे म्हणून घ्यायलाच हवं असं मुळीच नाही; नाकारता येतं, कमीही घेता येतं. दोन कॉलेजांची तुलना करताना फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करा.

मात्र पत्रात नाव आलं म्हणजे कर्ज मंजूर झालं असंही नाही. वेगळा अर्ज आणि क्रेडिट तपासणी असते, आणि कर्ज घेणारे पालक नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक वगैरे पात्र गटातले लागतात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या पालकांना ते मिळत नाही. 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 डॉलरची मर्यादाही आहे.