जुना एच-६१ मदरबोर्ड घरी आणल्यावर चालूच होत नाही. बोर्ड गेला की एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा?

तुम्ही लिहिलंय की बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून, प्रोसेसरसकट जुना बोर्ड आणला, दुकानात तो चालू करून दाखवला होता, पण घरी कॅबिनेटमध्ये बसवल्यावर पंखा फिरत नाही की दिवा लागत नाही. दुकानदार म्हणतो, "आपल्याकडे तर चालून राहिला होता भाऊ, तुमचा एसएमपीएस गेला असन." सात दिवसांच्या चेकिंग वॉरंटीतले तीन गेले.

मी नागपुरातच राहतो. आमच्या वस्तीतल्या मुलांसाठी जुनी कॉम्प्युटर जोडून देतो, त्यामुळे असे बोर्ड बरेच हाताखालून गेलेत. दुकानदार खोटंच बोलतोय असं लगेच धरू नका. दुकानात बोर्ड टेबलावर उघडा होता, तुमच्याकडे तो पत्र्याच्या पेटीत आहे. म्हणून आधी बाहेर काढा आणि पुठ्ठ्यावर ठेवा. कॅबिनेटच्या पत्र्यावर ज्या पितळी खुंट्या असतात, त्या बोर्डाच्या भोकांखालीच हव्यात. एक जरी भलत्या जागी राहिली तरी ती बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या डागांना टेकते आणि शॉर्ट होतं. मला एकदा पाठीवर नखाएवढा गोल चकाकता ओरखडा दिसला होता. खुंटी काढली, बोर्ड चालू झाला.

पुठ्ठ्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम ठेवा. कॅबिनेटचं बटणही जोडू नका, ते स्वतःच खराब असू शकतं. बोर्डावर पॉवर स्विच लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. तरीही शांत असेल तर मल्टिमीटर घ्या, साधा चालतो. डीसी २० व्होल्टवर लावा, काळी सुई काळ्या तारेत आणि लाल सुई एसएमपीएसच्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये पाठीमागून जांभळ्या तारेत घाला. मेन स्विच चालू असताना तिथे कायम ५ व्होल्ट हवेत, ४.७५ ते ५.२५ चालतात. कनेक्टर बोर्डाला लावलेला असताना हे कमी येत असतील, तर काढून पुन्हा मोजा. काढूनही नसतील तर एसएमपीएस गेला. काढल्यावरच पूर्ण येत असतील तर बोर्ड ते खाली ओढतोय, नाहीतर एसएमपीएस थकलाय. दुसऱ्या एसएमपीएसवर लावून बघितलं की कळतं.

जांभळी बरोबर असेल तर आता हिरवी बघा, कारण दुकानदाराचं आणि तुमचं भांडण तीच मिटवते. एसएमपीएसला "चालू हो" सांगायची तार ती हीच. बंद असताना तिच्यावर ५ व्होल्टच्या आसपास दिसतात, आणि तुम्ही त्या दोन पिना जोडल्या की बोर्डाने ते शून्यावर आणायला हवेत. शून्यावर आले आणि तरी काही फिरलं नाही, तर बहुधा एसएमपीएस ऐकत नाही. आकडा हललाच नाही, तर बोर्ड आज्ञाच देत नाही.

आज्ञा देत नाही म्हणजे मेला, असं मात्र नाही. गेल्या उन्हाळ्यात इथल्याच महाल भागातल्या एका विद्यार्थ्याचा बोर्ड असाच गप्प होता. गोल सेलच्या शेजारी तीन पिना असतात आणि त्यांतल्या दोनांवर छोटी प्लास्टिकची टोपी. बोर्डाचं सेटिंग पुसायला कुणीतरी ती सरकवली आणि परत जागेवर आणलीच नाही. टोपी सेटिंग पुसायच्या जागी राहिली की बरेच बोर्ड सुरू होत नाहीत. बोर्डावर छापलेलं बघून ती जागेवर लावा. सेलही मोजा. ३ व्होल्टचा तो सेल अडीचच्या खाली असेल तर नवा सीआर २०३२ घाला. काही बोर्ड उतरलेल्या सेलवर अडून बसतात.

आपल्याकडे एप्रिलपासून कूलर टेबलाकडे तोंड करून चालतो. ओलसर हवेने धूळ बोर्डावर चिकटून बसते, आणि पिनांमधल्या त्या थरातून करंट झिरपतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या.

पंखा अर्धा झटका मारून थांबत असेल तर प्रकरण वेगळं. तेव्हा वीज काढा, प्रोसेसर उतरवा आणि त्याच्या शेजारच्या चार पिनच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्टची पिन ते ग्राउंड ओहम मोजा. शून्याजवळ आला तर बहुधा मॉसफेट, म्हणजे प्रोसेसरला वीज देणारा ट्रान्झिस्टर, शॉर्ट आहे. तो बोर्ड परत करा, आणि प्रोसेसर त्यात पुन्हा घालू नका. प्रोसेसर उतरवलाच आहे तर सॉकेटच्या पिना टॉर्चने तिरक्या उजेडात बघा, वाकलेली लगेच चमकते.

एसएमपीएस उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट राहू शकतात.

हिरव्या तारेवर आकडा हलला नाही आणि टोपी, सेल, धूळ सगळं बघून झालं, तर उरलेल्या चार दिवसांतच पुठ्ठा आणि मीटर घेऊन त्याच दुकानात जा, आणि त्यांच्याच एसएमपीएसवर त्यांच्यासमोर लावायला सांगा.