पिस्तूल लहान असलं, तरी दिवसभर ठेवायचं कुठे?

तुमचा प्रश्न असा आहे: नाशिकमध्ये व्यवसाय आहे, रात्री रोकड घेऊन एकट्याला घरी यावं लागतं, बत्तीस बोअरचा (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप) परवाना मंजूर झालाय. मग कपड्यांखाली दिसणार नाही असं लहान पिस्तूल घ्यावं की रिव्हॉल्व्हर, आणि रोज जवळ बाळगणाऱ्यांचा खरा अनुभव काय?

मी दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या पुढे, पेट्रोल पंप चालवते. मिस्टर गेल्यावर पंपाचा हिशेब आणि रोकड दोन्ही माझ्याकडे आलं. सहा वर्षं झाली, माझ्याकडे परवान्याचं बत्तीसचं पिस्तूल आहे. रेंज, म्हणजे गोळीबाराच्या सरावाची जागा, सोडून कुठेही ते हातात घ्यायची वेळ आली नाही, आणि येऊ नये हीच इच्छा आहे. पण ते अंगावर असताना बसायचं कसं, वाकायचं कसं, लग्नाला जाताना ठेवायचं कुठे, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. दुकानात सगळे फक्त आकार आणि वजन बोलतात.

पहिले दोन महिने मी ते पर्समध्ये ठेवत होते. बायकांना सगळे हेच सुचवतात. २०१४ साली कानपूरच्या फॅक्टरीचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आलं, ५०० ग्रॅम वजनाचं, तेव्हाही पर्समध्ये मावतं याचीच चर्चा जास्त झाली होती. मलाही ते पटलं होतं. मग इंदिरानगरला एका बारशाला गेले. बाळाला ओवाळताना जाऊबाईंनी विचारलं, "वहिनी, सुट्टे आहेत का हो?" आणि मी ताट सावरता सावरता म्हणाले, "पर्समधून घे गं." वीस वर्षं हेच वाक्य तोंडात बसलेलं. तिने चेन उघडली, हात आत घातला. मी ताट तसंच खाली ठेवून पर्स ओढून घेतली. पिस्तूल आतल्या कप्प्यात होतं, चेंबर, म्हणजे नळीच्या मागे गोळी बसते ती जागा, रिकामं होतं, काही झालं नाही. पण तिच्या मागे तिची चार वर्षांची मुलगी पर्समध्ये डोकावत उभी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पर्स खुर्चीवर राहते, गाडीत राहते, दुसऱ्याच्या हातात जाते. तेव्हापासून एकच नियम आहे: पिस्तूल एकतर अंगावर, नाहीतर घरातल्या भिंतीत बसवलेल्या तिजोरीत. तिसरी जागा नाही. पुरुषांनी बॅग, डिकी, गाडीचा डॅशबोर्ड यांनाही हाच नियम लावावा.

अंगावर म्हणजे कंबरेला. सलवारीची नाडी पाऊण किलो वजन पेलत नाही, खाली ओघळते. म्हणून मी पँट, दोन इंची जाड पट्टा आणि वर सैल कुर्ता अशी सवय लावून घेतली. कुर्त्याची कट खोल असेल तर वाऱ्यात कडा उडते, म्हणून कट शिवून घेतल्या. हे फक्त लोकांनी बघू नये म्हणून नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये (कंबरेला अडकवायच्या म्यानात), पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. बाहेर काढून दाखवणं हाच गुन्हा. होल्स्टर कडक घ्या, ट्रिगर पूर्ण झाकणारं. मऊ कापडी पाकिटात ट्रिगरवर बाहेरून दाब येऊ शकतो. आणि ॲक्टिव्हावर बसून बघा, गाडीत सीटबेल्ट लावून बघा. उभं राहिल्यावर जे छान बसतं, तेच बसल्यावर नळीचं तोंड मांडीकडे करतं.

आता पिस्तूल की रिव्हॉल्व्हर. इंटरनेटवरचे अमेरिकेतले व्हिडिओ बघून ठरवू नका. तिथे सगळी चर्चा नऊ एमएमच्या लहान पिस्तुलांची असते आणि आपल्याकडे नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे. सामान्य परवान्यावर आपल्या वाट्याला सहसा येतं ते बत्तीस किंवा बावीस. जुनी परदेशी बत्तीस पिस्तुलं लाखांत जातात, मला तरी ती घ्यावीशी वाटली नाहीत.

बत्तीसच्या लहान पिस्तुलांत बहुतेक ठिकाणी ब्लोबॅक पद्धत असते, म्हणजे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागे जाण्यापासून थांबवायला तिचं वजन आणि आतली स्प्रिंग एवढंच. त्यामुळे स्प्रिंग कडक असते. लहान पिस्तूल म्हणजे हाताळायला सोपं, हा समज इथेच मोडतो. सुरुवातीला माझ्याच्याने स्लाइड पूर्ण मागे जायची नाही. रेंजवरच्या प्रशिक्षकांनी सांगितलं, "ताई, स्लाइड ओढू नका. ती घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकला. नळी मात्र समोरच ठेवा." तसं केल्यावर जमायला लागलं. अंगठा आणि तर्जनीच्या मधला भाग वर चढला तर मागे येणारी स्लाइड तिथे चावते. माझ्या हातावर पहिल्या आठवड्यात दोन समांतर ओरखडे होते.

दुसरी गोष्ट मला स्वतःच्या चुकीतून कळली. एकदा तिसऱ्या गोळीनंतर पिस्तूल अडकलं. मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) काढलं तर वरचं काडतूस तिरपं होऊन जाम झालेलं, नखाने हलेना. पिस्तुलाच्या बत्तीसच्या काडतुसाची कड बाकीच्या कवचापेक्षा किंचित बाहेर असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली, की दोन्ही एकमेकांत अडकतात. मी घाईत काडतुसं सरळ खाली दाबत गेले होते. आता प्रत्येक काडतूस अंगठ्याने थोडं पुढून सरकवत मागे नेते, वरचं खालच्याच्या पुढेच राहिलंय हे बघते आणि भरल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा आपटते.

रिव्हॉल्व्हरला ही कटकट नाही. गोळी उडाली नाही तर ट्रिगर पुन्हा दाबला की पुढचं काडतूस समोर येतं. पण ट्रिगर जड, आणि मधलं सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा फिरता गोल भाग, कपड्यांखाली फुगतं. २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’ ७०० ग्रॅमचं आहे आणि त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, जुन्यासारखं मधून मोडावं लागत नाही. एक चूक मात्र अजिबात करू नका: दोघांनाही बत्तीसच म्हणतात, पण काडतुसं वेगळी आहेत. पिस्तुलाचं कवच १७ मिलिमीटर, रिव्हॉल्व्हरचं साधारण २३. एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

मी चेंबर रिकामं ठेवून बाळगते. काहीजण म्हणतील, मग वेळेवर उपयोग काय? माझं पिस्तूल जुन्या घडणीचं आहे. ते पडलं तर आतून गोळी सुटणार नाही अशी खात्री देणारी आधुनिक सोय त्यात नाही. रोज बाळगताना पडण्याची शक्यता वापरण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे. आणि रिकामं करताना आधी मॅगझिन काढायचं, मगच स्लाइड ओढायची, शेवटी चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं. क्रम उलटला तर वरचं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये जातं आणि माणूस मॅगझिन हातात घेऊन समजतो, रिकामं झालं.

नाशिकचा पाऊस लक्षात ठेवा. एका पावसाळ्यात मी ते महिनाभर चामड्याच्या होल्स्टरसकट तिजोरीत ठेवलं. चामडं ओल धरून ठेवतं. काढलं तेव्हा स्लाइडवर तांबूस ठिपके होते, अगदी होल्स्टरच्या शिवणीच्या रेषेत. आता होल्स्टर वेगळं, पिस्तुलावर तेलाचा हात, आणि अंगावर घातलेल्या दिवशी घाम पुसूनच आत. नळीच्या तोंडात सुती कपड्याची लव जमते, तीही दर आठवड्याला बघा.

आता रोजच्या जागा. कोर्टात नेता येत नाही, सरकारी कार्यालयात, मोठ्या देवस्थानात, मॉलमध्ये अडवतात आणि तेच बरोबर आहे. त्र्यंबकला दर्शनाला जायचं तर सकाळीच घरी ठेवून निघायचं. सप्तशृंगी गडावर देवीला जाऊन पुढे सापुताऱ्याला जाणारे खूप असतात. तुमचा परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल, तर गुजरातची हद्द ओलांडताच तुमच्या कंबरेला बेकायदा शस्त्र आहे. परवान्यावरचं क्षेत्र आजच वाचा. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, अशी दोनदा मी जमा केलं. पावतीवर शस्त्राचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आहे, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख विसरायला वेळ लागत नाही. वरातीत किंवा समारंभात लोकांना धोका होईल अशी हवेत गोळी झाडणं हे त्याच दुरुस्तीने वेगळा गुन्हा केलं आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सराव रेंजवरच करा.

एक रात्र सांगते. पंपापासून एक मोटारसायकल माझ्या गाडीमागे होती, मी हळू केलं की तीही हळू. रामवाडीच्या पुलाआधीच मी घराचा रस्ता सोडला आणि सरळ पोलीस ठाण्याच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला. मोटारसायकलवाले पुढे निघून गेले. पिस्तूल कंबरेला होतं, हात स्टिअरिंगवरच राहिले. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे, पण तो किती आणि कधी हे नंतर न्यायालय बघतं. पैशांची पिशवी वाचवायला माणसावर गोळी झाडायची माझी तयारी नाही, हे मला त्या रात्री नीट कळलं. दुसऱ्याच दिवसापासून रात्रीची रोकड नेणं बंद केलं. आता ती पंपावरच्या तिजोरीत राहते आणि सकाळी अकराला वेगवेगळ्या रस्त्यांनी बँकेत जाते, बरोबर एक माणूस असतो. आता बरेचजण मोबाईलवरूनच पैसे देतात, म्हणून गल्लाही हलका झालाय. शनिवार-रविवारचं साठलेलं भरायचं असतं त्या सोमवारी मी पिस्तूल घालते. एरवी नाही.

तेव्हा तुमच्याबाबतीत आधी रात्रीची रोकड टाळता येते का ते बघा. नाहीच टळली, तर दुकानात जाताना रोजचाच पट्टा आणि रोजचेच कपडे घालून जा. विक्रेत्याला विचारून रिकामं शस्त्र हातात घ्या, स्लाइड सलग दहा वेळा ओढून बघा. आठव्या-नवव्या वेळी हात थकला तर रिव्हॉल्व्हर घ्या. आणि शस्त्र घरी आणण्याच्या आधी तिजोरी भिंतीत बसवून घ्या. गवंड्याचं काम एका दिवसाचं आहे.