जुन्या ट्रकमध्ये डिझेलचा काटा चुकीचा दाखवतो आणि ब्रेकचा लाल दिवा विझत नाही. दोष कुठे शोधावा?

दोन्ही बिघाड एकदमच सुरू झाले असतील, तर टाकीला हात लावण्याआधी डॅशबोर्डची अर्थिंग (करंट परत जाण्यासाठी गाडीच्या बॉडीला केलेली जोडणी) तपासा. यवतमाळकडे कापूस वाहणाऱ्या जुन्या ट्रकांची वायरिंग करताना मला अर्थिंगचा नट गंजलेला वारंवार आढळतो, आणि मग करंट भलत्याच वाटेने परतून काटा चुकवतो व नको तो दिवा लावतो. अर्थिंग ठीक असल्यास चावी चालू ठेवून टाकीवरील फ्लोटची (डिझेलची पातळी मोजणाऱ्या भागाची) वायर काढा आणि क्षणभर चेसिसला टेकवा. काटा एका टोकाला सरकला, तर मीटर चांगले असून दोष फ्लोटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. मात्र ब्रेकचा दिवा खराही असू शकतो, म्हणून सर्वांत आधी हवेचा दाब किंवा ब्रेक ऑइलची पातळी पाहा, आणि ती खात्री होईपर्यंत भरलेली गाडी रस्त्यावर काढू नका.