उघाडीची फळी कोणाकडे?

प्रश्न : बाई, मी पेण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. एका संस्थेने आम्हाला हवामानबदलाचा ऐंशी पानी अहवाल दिला. त्यातल्या 2050 आणि 2100 च्या नकाशांत आमचं गाव निळ्या रंगात बुडालेलं आहे. ग्रामसभेत तो दाखवल्यावर म्हातारी माणसं हसली आणि तरुण म्हणाले, जमिनी विकून मोकळं होऊ. मग गावाचा आराखडा करायचा तरी कसा?

उत्तर : तो नकाशा सध्या कपाटात ठेवा. खोटा आहे म्हणून नव्हे, त्याच्याशी बोलता येत नाही म्हणून. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2015 या काळात वर्षाला 3.3 मिलिमीटरने वाढली. याच गतीने तीस वर्षांत दहा सेंटिमीटर होतात, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. म्हातारे पुन्हा हसतील. हसू द्या, आणि मग विचारा, आषाढातल्या मोठ्या उधाणाला पाणी बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीकडच्या बांधाच्या, माथ्यापासून किती खाली राहतं? जिथे ते अर्धी वीतच खाली राहतं, ती जागा ते स्वतः चालत जाऊन दाखवतील. तुमचा आराखडा तिथून सुरू होतो.

माझं सासर खारेपाटातलं, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या खारजमिनीतलं. सासरे पंचांगाच्या कडेला पेन्सिलीने लिहायचे : ‘अमावास्या, पाणी देवळाची दुसरी पायरी.’ तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला भूगोलाची पदवी घेऊनही त्यांच्याकडूनच कळलं. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मिनिटांचा हिशोब चुकतो, पण घरातल्या घरात भागतं. निसर्ग चक्रीवादळ आलं त्या 3 जून 2020 ला सकाळी त्रयोदशी लागली होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. वादळ दुपारी दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा सकाळची भरती उतरत होती. तेच रात्रीच्या भरतीला, दहाच्या सुमारास, आलं असतं तर? हा प्रश्न ग्रामसभेत विचारा, कोणी हसणार नाही.

आता माझी चूक सांगते. नोकरीत असताना नववीच्या मुलांकडून गावाचा आपत्ती नकाशा करून घेतला होता. शाळा, देऊळ, विहिरी, म्हातारी माणसं राहतात ती घरं, सगळं त्यात होतं. कौतुकही झालं. नकाशात फक्त उघाडी, म्हणजे आतलं पाणी खाडीत सोडायचं बांधातलं दार, नव्हती, कारण ती कोणाला ‘ठिकाण’ वाटलीच नाही. त्याच जुलैत मोठा पाऊस आणि उधाण एकत्र आलं. भरतीला उघाडीची फळी मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, एवढंच तिचं काम. ती लाकूड अडकून मिटायचीच राहिली. भरतीचं पाणी आत, वरून पाऊस. दुसऱ्या रात्री बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला. फळी कोण बघतं म्हणून विचारलं तर चार जणांनी चार नावं सांगितली. त्यातला एक वारला होता.

पूर्वी जोळ होतं, ज्याची शेती त्याची बांधावर पाळी. पुढे बांध ‘सरकारचा’ झाला आणि चिंबोऱ्यांची बिळं बुजवायची सवयच मोडली. तेव्हा आराखड्याच्या पहिल्या पानावर प्रत्येक उघाडीपुढे माणसाचं नाव लिहा. खात्याचं नको, माणसाचं. बाकीचं मग ग्रामपंचायत विकास आराखड्यात घाला, नाहीतर त्याला पैसा मिळत नाही.

आणि खांड पडलीच तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका. खारं पाणी येत-जात राहिलं की शेतात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, रुजतात, आणि एकदा रुजली की कायद्याने ती तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे फार स्पष्ट केलंय. शेतकरी मग तिवरांना शिव्या घालतात. मला दोघांचीही बाजू पटते. बांधाबाहेरचं तिवर लाटेचा जोर मोडतं, ते राखायलाच हवं. बांधाआतलं तिवर म्हणजे आपण वेळेवर न भरलेली खांड. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे भात, पनवेल-1, 2, 3, खार थोडा सोसतात. खांड सोसत नाहीत.

प्रश्न : अलिबागजवळच्या आमच्या वाडीतली विहीर एप्रिलपासून मचूळ लागते. शेजारी म्हणतात, बोअर मारा. आम्ही मुंबईला असतो, निर्णय लवकर घ्यायचाय.

उत्तर : बोअर मारू नका. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीपेक्षा ते फूटभर वर असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं असतं. उपसून ते फूट कमी केलंत की खालून खारं वर चढतं, आणि बोअर तर थेट त्यालाच गाठते. लहान पंप लावा, थोडं थोडं उपसा, पावसाळ्यात कौलांवरचं पाणी गाळून विहिरीत सोडा. शेजाऱ्यांनी बोअर मारली असेल तर त्यांनाही हे पत्र दाखवा, कारण पाणी त्यांच्या कुंपणापाशी थांबत नाही.