‘द.सा.द.शे.’मधले दोन ‘दर’

यवतमाळकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मुलीच्या गणिताच्या पुस्तकात ‘द.सा.द.शे. 7’ असं छापलेलं असतं आणि गावात लोक ‘तीन टक्क्यानं पैसे आणले’ म्हणतात. मग सावकार बँकेपेक्षा स्वस्त कसा? शिवाय गुणोत्तर आणि प्रमाण एकच का?

स्वस्त नाही हो भाऊ. गावातले तीन टक्के महिन्याचे असतात. शंभरामागं महिन्याला तीन रुपये, म्हणजे वर्षाला छत्तीस. देणाऱ्याघेणाऱ्याला ते ठाऊकच असतं, म्हणून ‘महिना’ कोणी उच्चारत नाही. द.सा.द.शे. म्हणजे दरसाल दरशेकडा. त्यात मुदतही सांगितलेली आणि रक्कमही. सावकारीच्या 2014च्या कायद्याखाली शेतकऱ्याच्या तारणी कर्जाला द.सा.द.शे. 9 अशी मर्यादा ठरली, ती या 36 शेजारी मांडून पाहा. ‘सवाई’ आणि ‘दिढी’ तर याहून लबाड. पेरणीला शंभर घेतले, कापूस निघाल्यावर सव्वाशे दिले, की सवाई. किती महिन्यांचं, हे शब्दात कुठंच नाही. सहा महिने धरले तर तो दर द.सा.द.शे. 50 होतो.

यातला ‘दर’ फारसीतला. फारसीत टक्क्याला ‘दरसद’च म्हणतात, सद म्हणजे शंभर. आपण सद सोडला, शेकडा घेतला आणि दर ठेवला. पण मराठीची स्वतःची सोयही आहे: ‘क्विंटलमागं’, ‘शंभरामागं’ यातला मागं, नाहीतर शब्दाला नुसती ई लावायची. ‘एकरी आठ क्विंटल’, ‘हेक्टरी खत’, ‘माणशी दोन भाकरी’. ही ई मला फार आवडते, एका अक्षरात भागाकार उरकते. म्हणूनच ‘दर एकरी’त एकच गोष्ट दोनदा येते. ते इतकं रुळलंय की मी सोडून देतो. ‘प्रति एकरी’ मात्र कानाला खुपतं. ‘प्रति एकर’ म्हणा किंवा ‘एकरी’. (‘दरडोई’ला या रांगेत बसवू नका, तिथली ई डोईचीच आहे.)

टक्क्यांची आणखी एक गंमत पीककर्जात दिसते. व्याज 7 टक्के, वेळेत फेडलं की 3 टक्के सूट, म्हणून 4 उरले. पुस्तकी हिशेबानं 7 चे 3 टक्के 0.21 होतात आणि व्याज 6.79 वर यायला हवं. इथली सूट व्याजावर नाही, मुद्दलाच्या शेकड्यावर आहे. दोन्हींना आपण ‘टक्के’च म्हणतो. फरक दाखवायचा तर ‘शेकडा सातावरून शेकडा चारावर’ असं लिहावं, घोळ राहत नाही.

गुणोत्तराचं थोडक्यात. कपाशीच्या आठ तासांमागं (म्हणजे ओळींमागं) तुरीचं एक तास, हे 8:1 गुणोत्तर. शेजारच्या वावरात सोळामागं दोन असतील तर दोन्ही गुणोत्तरं सारखी, म्हणून 8, 1, 16, 2 या चार संख्या प्रमाणात आहेत. बोलताना ‘कपाशी-तुरीचं प्रमाण’ म्हटलं तरी कोणाचं काही अडत नाही. पेपरात मात्र मुलीला गुणोत्तरच लिहू द्या.